दहशतवादाविरुद्ध जगाची एक फौज हवी का? तीन पर्याय शेजारी शेजारी

२४ डिसेंबर १९९४. अल्जिअर्सच्या विमानतळावर एअर फ्रान्सचं ८९६९ क्रमांकाचं विमान पॅरिसला निघायच्या बेतात होतं. पोलिसांच्या वेशात चढलेल्या चार बंदूकधाऱ्यांनी ते ताब्यात घेतलं. फ्रान्सची जीआयजीएन ही कमांडो तुकडी तयार होती. ती निघालीसुद्धा, पण तिला मयोर्का बेटावर थांबून राहावं लागलं, कारण अल्जिरियाने तिला आपल्या जमिनीवर उतरू दिलं नाही. १९६२ मध्ये रक्त सांडून फ्रान्सपासून स्वतंत्र झालेल्या देशाला आपल्या विमानतळावर फ्रेंच सैनिक बघायचे नव्हते. या ओढाताणीत तीन प्रवासी मारले गेले. शेवटी विमान मार्सेला उतरलं आणि २६ तारखेला त्याच तुकडीने तिथे आत घुसून चारही अपहरणकर्त्यांना ठार केलं. विमानात उरलेले सगळे प्रवासी वाचले.

सैनिक होते, कौशल्य होतं. अल्जिअर्समध्ये नव्हती ती फक्त परवानगी. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या, कारण मोठा हल्ला झाला की आठवडाभरात कुणीतरी म्हणतंच, ‘सगळ्या देशांनी मिळून एक फौज उभारावी आणि हा प्रश्न मुळापासून संपवावा.’ वादविवाद स्पर्धेत, संपादकीयात, संसदेत, सगळीकडे हा प्रस्ताव येतो. तो तुमच्यासमोर आला तर हो म्हणायचं की नाही, एवढ्यापुरता हा लेख.

खरं तर ‘संयुक्त फौज’ या एका नावाखाली वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. एक, संयुक्त राष्ट्रांच्या किंवा एखाद्या कराराच्या छत्राखालची कायमस्वरूपी जागतिक फौज. दोन, एका ठरावीक शत्रूविरुद्ध शेजारी किंवा इच्छुक देशांनी एकत्र येऊन केलेली आघाडी. या दोन्हींसमोर तिसरा पर्याय असा की फौज ज्याची त्याची, पण माहिती, वॉरंट, खटले आणि पैशाचा माग यात भागीदारी. माझा कल आधीच सांगतो. पाया तिसऱ्याचा, गरज पडेल तिथे अटी घालून दुसरा, आणि पहिल्याला नकार.

जागतिक फौजेची बाजू

ही बाजू कमकुवत नाही. बंदूकधारी सीमा ओलांडून जातो, त्याच्या मागावरची फौज सीमेवर थांबते. ज्या देशांत हल्ले सर्वांत जास्त होतात, त्यातल्या बहुतेकांकडे धड हेलिकॉप्टरं नाहीत. एखादा बलाढ्य देश एकटा घुसला तर लोक त्याला आक्रमण म्हणतात आणि त्या रागावरच पुढची भरती होते. सगळ्या जगाच्या वतीने आलेल्या फौजेवर तो शिक्का तेवढ्या सहज बसणार नाही, असं या बाजूचं म्हणणं.

कल्पनाही जुनी आहे. ऑक्टोबर १९३४ मध्ये युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्थू यांचा मार्सेमध्ये बळी गेला (योगायोग म्हणजे पुन्हा मार्सेच). त्यानंतर राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये दहशतवादाविरुद्ध करार केला, जोडीला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचाही करार केला. दहशतवादाच्या करारावर २४ देशांनी सह्या केल्या. तो पक्का करणारा देश निघाला एकच, ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थान. करार कधी अमलातच आला नाही.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत तर फौजेची सोय लिहूनच ठेवलेली आहे. कलम ४३ प्रमाणे सदस्य देशांनी सुरक्षा परिषदेला सैन्य देण्याचे करार करायचे आणि कलम ४७ प्रमाणे पाच कायम सदस्यांच्या सेनाधिकाऱ्यांच्या समितीने त्या सैन्याला दिशा द्यायची. ती समिती आजही अस्तित्वात आहे, तिच्या बैठकाही होतात. मात्र कलम ४३ खालचा करार आजवर एकाही देशाने केलेला नाही. १९४८ मध्ये पहिले महासचिव त्रिग्वे ली यांनी छोटं रक्षक दल सुचवलं, १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे माजी अधिकारी ब्रायन अर्कहार्ट यांनी स्वयंसेवक सैनिकांची फौज सुचवली. १९९६ मध्ये डेन्मार्कच्या पुढाकाराने शिरब्रिग नावाची तयार ब्रिगेड उभी राहिली आणि २००९ मध्ये गुंडाळली गेली. ऐंशी वर्षं कागदावर असलेली गोष्ट होत नसेल, तर ‘इच्छाशक्तीचा अभाव’ म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. घोडं नेमकं कुठे अडतं ते बघायला हवं.

घोडं अडतं ते व्याख्येपाशी

फौजेला पहिला प्रश्न पडणार, गोळी कुणावर झाडायची? संयुक्त राष्ट्रांत दहशतवादावरचा सर्वसमावेशक करार भारताने १९९६ मध्ये मांडला. अजून तो मंजूर नाही. गाठी दोन. परकीय सत्तेविरुद्ध लढणाऱ्यांना यातून वगळायचं का, आणि एखाद्या देशाचं लष्करच नागरिकांना मारत असेल तर त्याला काय म्हणायचं. या दोन गाठींपाशी सगळे मुत्सद्दी गेली कित्येक वर्षं घुटमळताहेत.

हा शब्दांचा कीस नाही. नेल्सन मंडेला २००८ पर्यंत अमेरिकेच्या दहशतवादी संशयितांच्या यादीत होते. नोबेल मिळून, राष्ट्राध्यक्षपद भूषवून झालेल्या माणसाचं नाव काढायला कायदा करावा लागला. ही जुनी गोष्ट वाटत असेल तर सीरियाचं बघा. अहमद अल-शरा याच्या डोक्यावर अमेरिकेने १ कोटी डॉलरचं बक्षीस लावलं होतं आणि त्याची संघटना दहशतवादी म्हणून नोंदलेली होती. ८ डिसेंबर २०२४ ला त्याच्या नेतृत्वाखालचे बंडखोर दमास्कसमध्ये शिरले आणि तेव्हाचे अध्यक्ष असद पळाले. त्याच महिन्यात बक्षीस मागे घेतलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तोच माणूस देशाचा अध्यक्ष म्हणून न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भाषण करत होता.

आता कल्पना करा की जागतिक दहशतवादविरोधी फौज अस्तित्वात आहे आणि ७ डिसेंबरच्या रात्री तिचा सेनापती नकाशासमोर बसला आहे. त्याने काय करायचं? कागदोपत्री दहशतवादी असलेल्यांना रोखायचं, म्हणजे असद राजवट वाचवायची? की डोळे मिटून घ्यायचे? अमेरिका, रशिया, तुर्कस्तान, इराण या चौघांनी चार उत्तरं दिली असती आणि चौघांचे सैनिक एकाच छावणीत असते.

दुसऱ्या पर्यायात हा प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण लहान होतो. आघाडीला ‘दहशतवाद’ची व्याख्या लागत नाही, शत्रूचं नाव लागतं. बोको हराम, अल-शबाब, आयसिस. चाड सरोवराभोवतीच्या देशांना बोको हराम नको, एवढ्यावर एकमत पुरतं. तिसऱ्या पर्यायात आणखी खाली उतरता येतं, कारण तिथे कृत्याचं नाव पुरतं. विमान पळवणं, ओलीस ठेवणं, बॉम्ब लावणं, पैसा पुरवणं यावर वेगवेगळे आंतरराष्ट्रीय करार आहेत आणि ते चालतात. समोरचा क्रांतिकारक आहे की आणखी कोण, हे न ठरवताही विमान पळवणं हा गुन्हा ठरतो.

समुद्री चाच्यांचं उदाहरण मला इथे सर्वांत बोलकं वाटतं. चाचेगिरीची व्याख्या सागरी कायद्याच्या करारात, कलम १०१ मध्ये, स्पष्ट लिहिलेली आहे. सोमालियाच्या किनाऱ्यावर चाचे माजले तेव्हा सुरक्षा परिषदेने जून २००८ मध्ये, तिथल्या सरकारच्या संमतीने, परदेशी युद्धनौकांना त्या पाण्यात शिरायला मोकळीक दिली. युरोपीय संघाचा ताफा आला, नाटोचा आला, बहारीनमधून चालणारा बहुराष्ट्रीय ताफा आला. चीन, भारत, रशिया आपापल्या झेंड्याखाली आले. एक सेनापती कुणीही नेमला नाही. बहारीनमध्ये ठरावीक काळाने सगळे बसायचे, कोणाचं जहाज कुठे गस्त घालणार ते ठरवायचे आणि व्यापारी जहाजांना एका राखीव पट्ट्यातून सोबत देत न्यायचे. आंतरराष्ट्रीय सागरी ब्यूरोच्या मोजणीप्रमाणे २०११ मध्ये सोमाली चाच्यांचे २३७ हल्ले झाले, २०१३ मध्ये १५. व्यापारी जहाजांवरच्या सशस्त्र पहारेकऱ्यांचाही यात मोठा वाटा होता, तो नाकारून चालणार नाही. पण व्याख्या आणि संमती या दोन गोष्टी आधी जुळल्या होत्या, म्हणून एक फौज न करताही काम झालं.

हुकूम कोण देणार, आणि तो मानणार कोण

पहिल्या पर्यायात हुकूम सुरक्षा परिषदेकडून येणार, म्हणजे पाच देशांच्या नकाराधिकारातून गाळून. समजा तिथून सुटला, तरी पुढचा अनुभव मालीत घेऊन झाला आहे. २०१३ मध्ये तिथे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली. प्रत्यक्ष दहशतवाद्यांचा पाठलाग फ्रेंच फौज करायची, शांतिसेनेने शहरं आणि रस्ते सांभाळायचे. प्रत्यक्षात रस्त्यांतल्या स्फोटांत शांतिसैनिकच मरत राहिले. दहा वर्षांत एकूण ३०० हून अधिक सैनिक आणि कर्मचारी गेले. जून २०२३ मध्ये मालीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सुरक्षा परिषदेत उभं राहून सांगितलं, विलंब न लावता निघा.

निघणंही सोपं नव्हतं. उत्तरेकडच्या तळांवरून सामान हलवायला विमानांच्या परवानग्या मिळेनात. मग शांतिसैनिकांनी स्वतःचीच वाहनं, जनित्रं, दारूगोळा नष्ट केला आणि किदालहून ३१ ऑक्टोबरला ताफा रस्त्याने निघाला. वाटेत सुरुंग फुटले, कित्येक जखमी झाले. यजमानाने दार लावलं की जगाच्या फौजेची काय गत होते, ती अशी. संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये लिहून ठेवलं होतं की दहशतवादाविरुद्धच्या लष्करी मोहिमांसाठी शांतिसेना योग्य नाही. तेव्हा मालीतल्या मोहिमेला दोनच वर्षं झाली होती.

पहिल्या पर्यायाच्या समर्थकाने मालीऐवजी काँगोचं उदाहरण द्यावं, ते जास्त भारी आहे. २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने तिथे ३,०६९ जणांची हस्तक्षेप ब्रिगेड मंजूर केली. सैनिक टांझानिया, दक्षिण आफ्रिका आणि मलावीचे, आणि काम सरळ आक्रमणाचं. काँगोच्या लष्कराबरोबर लढत तिने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एम२३ या बंडखोर गटाला हरवलं. निळ्या शिरस्त्राणातली फौज जिंकूही शकते, हे तिने दाखवलं. फक्त लक्षात घ्या की ती तीन देशांची होती, तिन्ही एकाच प्रदेशातले, शत्रू एक आणि यजमान राजी. म्हणजे झेंडा पहिल्या पर्यायाचा, घडण दुसऱ्याची. आणि ज्या राजकारणातून एम२३ जन्मला होता, ते कुणी मिटवलं नाही. काही वर्षांनी तो परत उठला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याने गोमा शहर घेतलं.

आघाड्यांमध्येही हुकमाचा घोळ असतोच. अफगाणिस्तानात नाटोच्या झेंड्याखाली एका वेळी १,३०,००० च्या आसपास सैनिक होते, पन्नासच्या घरात देशांचे. बऱ्याच देशांनी आपल्या सैनिकांवर मायदेशी बसून अटी घातल्या होत्या. कुणी अमुक प्रांताबाहेर जायचं नाही, कुणी रात्री लढायचं नाही. सेनापतीच्या टेबलावर सैनिकांच्या आकड्याशेजारी कोण काय करणार नाही याचीही यादी असायची. यात त्या देशांना भित्रं म्हणणं अन्यायाचं होईल. शवपेटी ज्या देशात परतते, उत्तर त्याच देशाच्या सरकारला द्यावं लागतं. जागतिक फौज केली म्हणून हे बदलणार नाही.

एक आघाडी कागदी कशी असते, तेही बघून घ्या. डिसेंबर २०१५ मध्ये सौदी अरेबियाने ३४ मुस्लिम देशांची दहशतवादविरोधी लष्करी आघाडी जाहीर केली. यादीत नाव असलेल्या काही देशांच्या अधिकाऱ्यांनी त्याबद्दल नवल व्यक्त केलं. इराण आणि इराक यादीत नव्हते. तेव्हा आयसिसशी सर्वांत मोठी जमिनीवरची लढाई इराकमध्ये चालली होती.

शेजाऱ्यांच्या आघाड्यांनी काय कमावलं

आफ्रिकेत यावर तीन प्रयोग झाले आहेत. निकाल तीन तऱ्हांचे आहेत, आणि निवड करणाऱ्याने माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा.

सोमालियात आफ्रिकन युनियनची फौज २००७ मध्ये उतरली. आधी युगांडाचे सैनिक आले, मग बुरुंडी, केनिया, इथिओपिया, जिबुतीचे. ऑगस्ट २०११ मध्ये अल-शबाबला राजधानी मोगादिशू सोडावी लागली, पुढच्या वर्षी किसमायो बंदरही. भर ताकदीला ही फौज २२,००० च्या घरात होती. जमीन परत मिळवणं फौजेला जमतं, हा धडा पक्का. पण त्याची किंमत सैनिक देणाऱ्या देशाच्या घरात वसूल झाली. ११ जुलै २०१० ला युगांडाच्या राजधानीत, कंपालात, विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला जमलेल्या लोकांत स्फोट झाले, सत्तरहून अधिक माणसं गेली. आणि १४ ऑक्टोबर २०१७ ला, फौज येऊन दहा वर्षं झाल्यावर, मोगादिशूत एका ट्रकच्या स्फोटाने ५०० हून अधिक बळी घेतले. शहर ताब्यात असणं वेगळं आणि शहरातला ट्रक थांबवणं वेगळं. दुसरं काम गस्तीवरच्या सैनिकाला एकट्याने जमत नाही, त्याला खबरी लागतो.

चाड सरोवराभोवती नायजेरिया, नायजर, चाड, कॅमेरून आणि बेनिन यांची संयुक्त फौज आहे, मुख्यालय चाडची राजधानी एन्जामेनात. तिची रचना मला शहाणपणाची वाटते. प्रत्येक देशाचे सैनिक शक्यतो आपापल्याच हद्दीतल्या विभागात राहतात, पाठलागासाठी सीमा ओलांडायची सोय आधीच ठरलेली. म्हणजे अल्जिअर्सला जी परवानगी मिळाली नाही, ती इथे हल्ल्याच्या आधीच खिशात आहे. बोको हरामच्या हातातली बरीच गावं २०१५ नंतर सुटली. पण शेजाऱ्यांचं बिनसलं की चाक निखळतं. २०२३ च्या लष्करी उठावानंतर नायजरचं नायजेरियाशी फाटलं आणि मार्च २०२५ मध्ये नायजर या फौजेतून बाहेर पडला.

तिसरा प्रयोग साहेलचा, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याचा, आणि तो फसला. मॉरिटानिया, माली, बुर्किना फासो, नायजर, चाड या पाच देशांनी २०१७ मध्ये ५,००० जणांची फौज काढली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रुसेल्सला देणगीदारांनी ४१.४ कोटी युरोचं आश्वासन दिलं. आश्वासन एका दमात मिळालं, पैसा मात्र थेंबाथेंबाने आला. जून २०१८ मध्ये मालीतल्या सेवारे इथल्या मुख्यालयावरच आत्मघाती हल्ला झाला. पुढे उठावांची माळ लागली, २०२२ मध्ये माली निघाला, २०२३ च्या डिसेंबरात बुर्किना फासो आणि नायजर. उरले दोघे, त्यांनी गाशा गुंडाळला.

पैशाचं इथेच आटपून टाकतो. दुसऱ्याच्या पैशावर उभी राहिलेली फौज दुसऱ्याच्या अंदाजपत्रकावर जगते. युरोपीय संघाने २०१६ मध्ये सोमालियातल्या सैनिकांच्या भत्त्याची मदत पाचव्या हिश्श्याने कापली, तेव्हा सैनिक देणाऱ्या देशांत माघारीची भाषा लगेच सुरू झाली. डिसेंबर २०२३ च्या २७१९ क्रमांकाच्या ठरावाने आफ्रिकी मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च संयुक्त राष्ट्रांच्या वर्गणीतून द्यायचा मार्ग उघडला, पण प्रत्येक मोहिमेला वेगळी मंजुरी लागते.

चूक झाली तर दार कुणाचं ठोठवायचं

४ सप्टेंबर २००९ च्या मध्यरात्रीनंतर, अफगाणिस्तानात कुंदुझजवळ, तालिबानने पळवलेले दोन इंधनाचे टँकर नदीच्या वाळूत रुतले. जर्मन कर्नलने हवाई हल्ला मागवला, अमेरिकी विमानांनी बॉम्ब टाकले. टँकरभोवती इंधन भरून न्यायला आलेले गावकरीही होते. मेलेल्यांचा आकडा शंभराच्या आसपास. मागणी जर्मन, बॉम्ब अमेरिकी, झेंडा नाटोचा, जमीन अफगाण. जर्मनीत मंत्र्याला आणि लष्करप्रमुखाला पद सोडावं लागलं. मुलगे गमावलेल्या एका बापाचं प्रकरण जर्मन न्यायालयांतून युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये तिथे निकाल जर्मनीच्या बाजूने लागला.

तो हरला. पण निदान जायला दार होतं, कारण कर्नल एका देशाचा होता आणि त्या देशाला संसद आणि न्यायालयं होती. जागतिक फौजेच्या बाबतीत ते दारच दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांना देशोदेशीच्या न्यायालयांपासून कायद्याने संरक्षण आहे, आणि सैनिकावर खटला भरायचा हक्क तो पाठवणाऱ्या देशाकडे. या एका मुद्द्यावर पहिल्या पर्यायाची बाजू मला सावरताच येत नाही.

वेग

यावर फार लिहिण्यासारखं नाही. २ एप्रिल २०१५ ला केनियात गारिसाच्या विद्यापीठावर पहाटे हल्ला झाला. राजधानीतली खास तुकडी पोचेपर्यंत दुपार उलटली. १४८ बळी गेले. स्वतःच्याच देशात, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासच्या अंतरावर, ही अवस्था. दुसऱ्या खंडातून निघणारी फौज हा प्रश्न कसा सोडवणार, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

तिसरा पर्याय: काखेत कळसा

१३ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री पॅरिसमध्ये १३० माणसं मारली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, बेल्जियमच्या सीमेकडे जाणाऱ्या महामार्गावर कांब्रेजवळ, फ्रेंच पोलिसांनी एक गाडी थांबवली. आत तिघं. कागदपत्रं पाहिली, नावं यंत्रात घातली. त्यातला एक सलाह अब्देस्लाम, हल्लेखोरांपैकी जिवंत उरलेला. त्याचं नाव बेल्जियमने सामायिक यादीत जुन्या गुन्ह्यांसाठी घातलेलं होतं, पण रात्रीच्या हल्ल्याशी असलेला त्याचा संबंध रस्त्यावरच्या पोलिसाच्या पडद्यावर अजून आला नव्हता. गाडी सोडून दिली. तो १८ मार्च २०१६ ला ब्रुसेल्सच्या मोलेनबेकमध्ये सापडला. चारच दिवसांनी त्याच्या साथीदारांनी ब्रुसेल्सच्या विमानतळावर आणि मेट्रोत स्फोट घडवले.

त्या सकाळी त्या रस्त्यावर एक ब्रिगेड असती तर काय फरक पडला असता? माणूस हातात होता, त्याच्याबद्दलची एक ओळ कमी पडली.

तिसऱ्या पर्यायाकडे ही ओळ पोचवण्याची यंत्रणा आहे, अर्धीमुर्धी का होईना. इंटरपोलचे १९६ सदस्य आहेत. युरोपात २००४ पासून एका देशाचं अटक वॉरंट दुसऱ्यात चालतं, दोन देशांचे तपास अधिकारी एकच पथक म्हणून काम करू शकतात. २८ सप्टेंबर २००१ च्या १३७३ क्रमांकाच्या ठरावाने सगळ्या देशांना दहशतवादाचा पैसा गोठवणं बंधनकारक झालं आणि पुढच्याच महिन्यात एफएटीएफ या पैशाच्या गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटानेही ते काम अंगावर घेतलं. पाकिस्तान २०१८ ते २०२२ त्या गटाच्या करड्या, म्हणजे वाढीव देखरेखीच्या, यादीत होता आणि त्या काळात त्याला कायदे बदलावे लागले. कुणी एक गोळी न झाडता.

दोषही मोठे आहेत. गुप्तचर संस्था माहिती देतात ती ‘तिसऱ्याला द्यायची नाही’ या अटीवर, त्यामुळे सगळ्यात कामाची माहिती सगळ्यात कमी लोकांपर्यंत जाते. १३७३ ने दहशतवादाची व्याख्या न देता कायदे करायला लावले आणि अनेक सरकारांनी ते विरोधक, पत्रकार, अल्पसंख्याक यांच्यावर वापरले. यादीत नाव घालणंही राजकारणात अडकतं. मसूद अझहरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत यायला चीनच्या आडकाठीमुळे मे २०१९ उजाडलं. आणि वॉरंट घेऊन इराकमधल्या मोसुलला कोण जाणार होतं? आयसिसने शहरं, तेलविहिरी, कर वसुली, सगळं उभं केलं होतं. तिथे २०१४ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने झालेली आघाडीच लागली. मोसुल घ्यायला ऑक्टोबर २०१६ पासून नऊ महिने गेले, सीरियातलं शेवटचं बाघूझ गाव मार्च २०१९ मध्ये पडलं. जमिनीवर लढले ते बव्हंशी इराकी आणि कुर्द. बाकीच्या देशांनी विमानं, प्रशिक्षण आणि टेहळणी दिली.

मग निवड कशी करायची

तुमचा देश कुठे उभा आहे यावर ती ठरते. संघटनेच्या ताब्यात प्रत्यक्ष जमीन असेल आणि ती जमीन दोन-तीन देशांत पसरली असेल, तर शेजाऱ्यांची आघाडी करा. पण सही करण्याआधी शत्रूचं नाव, नकाशावरची हद्द, यजमानाची लेखी संमती, मुदत, पहिल्या दोन वर्षांचा हातात आलेला पैसा आणि चुकीची दाद ऐकणारं न्यायालय, हे सगळं कागदावर बघा. यातलं न्यायालय सर्वांत आधी गाळलं जातं. शत्रू शहरांतल्या खोल्यांतून काम करणारं जाळं असेल तर तिसरा पर्याय, आणि फौजेचा पैसा भाषातज्ज्ञ, हिशेब तपासनीस आणि सरकारी वकिलांवर घाला.

शेजारचं सरकारच संघटनेला पोसत असेल तर तिन्ही पर्याय तोकडे आहेत. जागतिक फौज तिथे कधी जाणारच नाही, कारण त्या शेजाऱ्याचा एखादा मित्र नकाराधिकार घेऊन बसलेला असतो. पैशाची नाकेबंदी थोडीफार चावते, एवढंच.

ज्या लहान देशाकडे स्वतःचे कमांडो नाहीत, त्याच्यासाठी मात्र युरोपने २००८ मध्ये काढलेली वाट बघण्यासारखी आहे. तिथल्या खास तुकड्या अ‍ॅटलस नावाच्या जाळ्यात एकत्र सराव करतात आणि एका निर्णयाने असं ठरलं आहे की ओलीस वगैरे प्रसंगी देश शेजाऱ्याची तुकडी मागवू शकतो. ती येते ती यजमानाच्या हुकमाखाली, त्याच्या कायद्यात राहून. शांततेच्या दिवसांत केलेली सही संकटाच्या रात्री उपयोगी पडते.

अल्जिअर्सच्या सतरा वर्षं आधी, १८ ऑक्टोबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, पळवलेलं लुफ्तान्साचं विमान मोगादिशूच्या धावपट्टीवर उभं होतं. कप्तानाला अपहरणकर्त्यांनी एडनमध्येच मारलं होतं. पश्चिम जर्मनीचे मंत्री सोमाली सरकारशी बोलत होते, आणि सोमालियाने हो म्हटलं. जीएसजी-९ या जर्मन तुकडीचे कमांडो अंधारात शिड्या घेऊन विमानाखाली पोचले. तेवढ्यात विमानासमोर काही अंतरावर आग भडकली, ती बघायला अपहरणकर्ते पुढच्या बाजूला गेले, आणि मागून दारं उघडली. ८६ प्रवासी वाचले. ती आग सोमाली सैनिकांनी पेटवली होती.